लांडगा आजीच्या कपड्यांत होता

लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट मराठी घरांत आता इतकी रुळली आहे की ती परमुलखातून आली हे लहान मुलांच्या ध्यानीमनीही नसतं. आई खाऊची टोपली हातात देते. आजी आजारी आहे, वाट जंगलातून जाते, वाटेत लांडगा भेटतो. मुलगी फुलं वेचत रेंगाळते. लांडगा आधी पोचतो, आजीला गिळतो, तिचे कपडे चढवून पांघरुणात पडून राहतो. शेवटी शिकारी येतो आणि दोघींना लांडग्याच्या पोटातून बाहेर काढतो. गोष्ट संपली की सांगणारं मोठं माणूस विचारतं, ‘मग, काय शिकलीस?’ आणि मूल शहाण्यासारखं उत्तर देतं, ‘आईचं ऐकायचं. वाट सोडायची नाही. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही.’

हे उत्तर मला मान्य नाही. मुलांना सावध करू नये असं माझं म्हणणं मुळीच नाही. पण या गोष्टीतून हा धडा काढणं म्हणजे मुलीवर पडलेल्या घाल्याचा जाब मुलीलाच विचारणं आहे. आणि संकट कुठून येतं याची चुकीची माहितीही आपण तिला देतो, ते तर त्याहून वाईट. हीच गोष्ट निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या तोंडांनी कशी सांगितली गेली हे पाहिलं, की हा धडा तिला कोणी आणि कुठल्या घरांत चिकटवला ते दिसू लागतं.

छापील पुस्तकातून ती प्रसिद्ध झाली १६९७ साली, पॅरिसमध्ये. लिहिणारे शार्ल पेरो फ्रेंच अकादमीचे सदस्य होते, चौदाव्या लुईच्या कारभारात कोल्बेर या मंत्र्याच्या हाताखाली त्यांनी अनेक वर्षं काढली होती. पुस्तक अर्पण केलं होतं राजाच्या पुतणीला. पेरोंच्या गोष्टीत शिकारी नाही आणि सुटकाही नाही. लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथंच थांबते. खाली पद्यात तात्पर्य जोडलं आहे: देखण्या, चांगल्या घरच्या मुलींनी कोणाचंही बोलणं ऐकून घेऊ नये, घेतलं, तर लांडग्यानं खाल्लं यात नवल कसलं?

पण पेरोंची गोष्ट सावकाश वाचून पाहा. तिच्यात आईनं मुलीला कसलीही ताकीद दिलेली नाही. लांडग्याशी थांबून बोलणं धोक्याचं असतं हे त्या पोरीला ठाऊक नव्हतं, असं पेरो स्वतःच लिहितात. जवळपास लाकूडतोडे होते म्हणून लांडग्याला जंगलात तिच्या अंगाला हात लावण्याचं धाडस झालं नाही, हेही तेच लिहितात. म्हणजे ज्या जंगलाची भीती आपण मुलींना घालतो तिथं ती चार माणसांच्या डोळ्यांसमोर होती, सुखरूप होती. घात झाला तो चार भिंतींच्या आत, बिछान्यात. आणि जे तिला कोणी सांगितलंच नव्हतं ते न कळल्याची शिक्षा तिला भोगावी लागली.

पेरोंच्या बाजूनं एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच पद्यात ते म्हणतात की सगळे लांडगे एका जातीचे नसतात. काही गोडबोले, शांत, माणसाळलेले असतात, ते मुलींच्या मागोमाग घरात, थेट बिछान्यापाशी पोचतात, आणि सगळ्यांत घातक तेच. या माणसाला सारं कळत होतं. असले लांडगे त्यांनी उंची पोशाखात वावरताना पाहिले असणार. तरीही समज दिली ती पोरींना. लांडग्यांना उद्देशून त्या पद्यात एक शब्द नाही.

आता मध्य फ्रान्समधल्या निव्हर्ने प्रांतात जाऊ. आशील मिलियाँ नावाचे कवी १८८५ च्या सुमारास तिथल्या गावकऱ्यांच्या तोंडून गाणी आणि गोष्टी टिपून घेत होते. त्यांनी उतरवून घेतलेल्या गोष्टीत टोपी नाही. लाल रंगच नाही. एक मुलगी गरम पाव आणि दुधाची बाटली घेऊन आजीकडे निघाली आहे. चौकात तिला भेटतो तो माणूसलांडगा, म्हणजे हवं तेव्हा लांडग्याचं रूप घेणारा माणूस. तो विचारतो, कुठल्या वाटेनं जाणार, सुयांच्या की टाचण्यांच्या? ती म्हणते, सुयांच्या. तो टाचण्यांच्या वाटेनं जाऊन आजीला मारतो, तिचं थोडं मांस फडताळात ठेवतो, रक्त बाटलीत भरतो. मुलगी पोचते. भूक लागलीय ना, फडताळातलं खा, म्हणून तो तिला सांगतो, आणि ती नकळत खाते. मग एकेक कपडा उतरवून चुलीत टाकायला सांगतो. यापुढं ते तुला लागणार नाहीत, म्हणतो. ती बिछान्यात शिरते आणि मग ते जगप्रसिद्ध प्रश्न सुरू होतात: आजी, तुझ्या अंगावर केवढे हे केस! तुझी नखं केवढी, खांदे केवढे!

इथपर्यंत अंगावर काटा येतो. पुढचं मात्र आपल्या मुलांच्या कानावर कधी पडलेलंच नाही. तोंड केवढं, असं विचारून झाल्यावर ती मुलगी म्हणते, आजी, मला परसाकडे लागलीय, बाहेर जाऊ दे. तो म्हणतो, इथंच उरक. ती हट्ट धरते. मग तो तिच्या पायाला लोकरीचा दोरा बांधून तिला बाहेर सोडतो. अंगणात जाताच ती दोरा सोडवून आलुबुखाराच्या झाडाला बांधते आणि धूम ठोकते. तो आतून हाका मारत राहतो. उत्तर येत नाही तेव्हा उठून पाठलाग करतो आणि तिच्या घराशी पोचतो, तेव्हा ती नुकतीच आत शिरलेली असते. गोष्ट संपली. शिकारी नाही, तात्पर्य नाही. तू तिकडे गेलीसच कशाला, असं तिला कोणीही विचारत नाही.

या गोष्टीची नोंद पेरोंनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी झाली. पण लोककथांचे अभ्यासक पॉल देलारू यांनी अशी अनेक तोंडी कथनं शेजारी शेजारी ठेवून ताडली आणि मत मांडलं की ही पेरोंची नक्कल नव्हे. पेरोंच्या मागे जी परंपरा उभी होती तीच इथं बोलते आहे. लाल टोपी ही त्यांच्या मते पेरोंची भर. सुया आणि टाचण्यांचा उलगडा पुढं इव्होन व्हेर्दिए या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी केला. वयात येणाऱ्या मुलींना हिवाळाभर शिवणकाम करणाऱ्या बाईकडे राहायला पाठवण्याची रीत फ्रान्सच्या खेड्यांत होती, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे ज्या बायका ही गोष्ट सांगत होत्या त्यांच्या मुलींना घराबाहेर जावंच लागत होतं. कामासाठी, शिकण्यासाठी, शेतावर, पाण्यावर. वाट सोडू नकोस, हा सल्ला त्यांच्या काय कामाचा? त्यांना हवी होती ती अडकल्यावर सुटण्याची युक्ती, आणि गोष्टीत त्यांनी तीच ठेवली.

आणखी एका फ्रेंच कथनात मुलगी पळत नदीशी येते. काठावर धोबिणी कपडे धूत आहेत. त्या पाण्यावर चादर ताणून धरतात आणि पोर तिच्यावरून पलीकडे जाते. मागून लांडगा येतो, त्यालाही पलीकडे जायचं असतं. तो मधोमध आल्यावर बायका चादर सोडून देतात. मला या साऱ्या पसाऱ्यात हे कथन सगळ्यांत मोलाचं वाटतं. त्या बायकांनी आधी पोरीची चौकशी केली नाही. मागं काय लागलंय ते पाहिलं आणि चादर धरली.

इटलीतल्या अब्रुझ्झो भागातली गोष्ट इटालो काल्व्हिनो यांनी १९५६ च्या आपल्या लोककथासंग्रहात घेतली. तिथं लांडग्याऐवजी राक्षसीण आहे. मुलगी आजीकडे चाळण आणायला निघते, जाताना नदीला कड्याच्या आकाराचे गोड पाव देते आणि दाताळ्यांच्या फाटकाला तेल लावलेली भाकर. परतताना राक्षसीण मागं लागते तेव्हा नदी आणि फाटक मुलीला वाट देतात, राक्षसिणीला अडवतात. इथंही मुलगी बाहेर जायचं निमित्त करून सुटते, आणि कमरेची दोरी बकरीला बांधून येते.

चीनमध्ये हीच गोष्ट वाघिणीची आहे, आणि तीही जुनी आहे. सतराव्या-अठराव्या शतकातले लेखक हुआंग झीजून यांनी वाघीण झालेल्या म्हातारीची कथा लिहून ठेवली आहे. तैवानमध्ये आजही मुलांना वाघीण-आत्याआजीची गोष्ट सांगतात. आई बाहेर गेलेली असते, दाराशी आजीच्या किंवा आत्याआजीच्या आवाजात कोणी हाक मारतं, मुलं दार उघडतात. रात्री अंधारात कुडुमकुडुम आवाज येतो. थोरली विचारते, काय खातेस? उत्तर येतं, शेंगदाणे. मला पण दे म्हटल्यावर तिच्या हाती येतं धाकट्या भावंडाचं बोट. ती किंचाळत नाही. मला बाहेर जायचंय, म्हणते; दोरी बांधून घेते; अंगणात जाऊन दोरी दुसऱ्याच कशाला बांधते आणि झाडावर चढते. तिथून ती वाघिणीचा निकाल लावते, कुठं कढत तेलानं, कुठं दुसऱ्या युक्तीनं. एड यंग या चिनी-अमेरिकी चित्रकारानं १९८९ मध्ये केलेल्या पुस्तकात तीन बहिणी लांडग्याला झाडावरच्या फळांची लालूच दाखवतात, टोपलीत बसवून वर ओढतात आणि खाली सोडतात. कोरियात भावंडं झाडावरून आकाशात जातात, सूर्य आणि चंद्र होतात.

२०१३ मध्ये डरहॅम विद्यापीठाचे जेमी तेहरानी यांनी जगभरातली ५८ कथनं घेऊन, जीवशास्त्रज्ञ प्राण्यांच्या वंशावळी लावतात त्या रीतीनं त्यांची वंशावळ मांडली. आशियातल्या कथा लाल टोपीवालीची आणि ‘लांडगा व सात करडं’ या गोष्टीची सरमिसळ असाव्यात, असं त्यांना दिसलं. वंशावळ काहीही असो, मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. निव्हर्नेपासून तैवानपर्यंत, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी मुलीच्या हातात तीच दोरी दिली आहे आणि ती सोडवण्याचं डोकंही तिलाच दिलं आहे.

मग हे डोकं गेलं कुठं? ते गेलं जर्मनीतल्या सुशिक्षित घरांत. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम यांनी १८१२ मध्ये आपल्या लोककथासंग्रहाचा पहिला भाग काढला. लाल टोपीची गोष्ट त्यांना मिळाली ती कासेलमधल्या हासेनफ्लुग घराण्यातल्या बहिणींकडून. शहरातलं प्रतिष्ठित घर, आणि फ्रान्समधून आलेल्या ह्यूगनॉट, म्हणजे प्रॉटेस्टंट, निर्वासितांचा वारसा. पेरोंची गोष्ट तिथं पोचलेली असणं स्वाभाविक होतं. ग्रिमांनी मुलीला वाचवलं खरं, पण वाचवायला बंदूकवाला पुरुष आणला, आणि सुटल्यावर तिच्याकडून मनोमन कबुली घेतली की आई नको म्हणाली असेल तर यापुढं मी वाट सोडून जंगलात पाऊल टाकणार नाही. आज आपण सांगतो तो धडा हा. आणि आई नको का म्हणाली होती? ग्रिमांच्या पुस्तकात कारण दिलं आहे: वाट सोडून धावलीस तर पडशील, बाटली फुटेल आणि आजीला काही मिळणार नाही. लांडग्याचं नाव आईच्या तोंडी नाही. म्हणजे इथंही मुलीला खऱ्या धोक्याची कल्पना दिलेली नाही, फक्त आज्ञा दिली आहे. आणि आज्ञा मोडली म्हणून गुन्हेगार ती ठरते.

त्याच ग्रिमांच्या पानावर खाली एक दुसरी छोटी गोष्ट आहे, ती बहुतेक पुस्तकं गाळून टाकतात. पुन्हा एक लांडगा भेटतो. मुलगी थांबत नाही, थेट आजीकडे जाऊन सांगते की त्याची नजर वाईट होती. आजी तिच्यावर विश्वास ठेवते, दार लावून घेते. लांडगा छपरावर दबा धरून बसतो. आजी नातीकडून सॉसेज शिजवलेल्या पाण्यानं दारापुढची डोणी भरून घेते. वासानं मान लांबवता लांबवता लांडगा घसरतो आणि डोणीत बुडून मरतो. मूल येऊन सांगतं, मोठं माणूस ऐकतं, दोघी मिळून काम फत्ते करतात. आपल्या घरांत सांगायला याहून चांगली गोष्ट कुठली? नेमकी तीच आपण गाळली.

मोठ्या माणसांचं लक्ष भलतीकडेच कसं जातं याचा दाखला १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियात मिळाला. तिथल्या दोन शालेय मंडळांनी या गोष्टीचं एक सचित्र पुस्तक शाळांतून काढलं. कारण आजीसाठी नेलेल्या टोपलीत दारूची बाटली दाखवली होती. लांडग्यावर कोणाचा आक्षेप नव्हता.

आता आपल्या घरात या. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून ती केली होती. ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचं सांगितलं, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे जण मुलांच्या ओळखीतले, त्यांचा ज्यांच्यावर विश्वास होता असे. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती.

अनोळखी माणसाशी बोलू नकोस, हे वाक्य या मुलांच्या कितपत उपयोगी पडलं असेल? त्यांचा लांडगा आजीच्या कपड्यांत होता. त्यानं घरातला आवाज काढला होता, घरातली हाक मारली होती. गावोगावच्या सांगणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर सगळ्या देशांत तो नात्याचं सोंग घेऊनच येतो. आपण मात्र जंगलाकडे बोट दाखवत राहिलो. त्यावर कळस म्हणजे मोठ्यांचं मुकाट ऐकायचं, हा धडा आपण याच गोष्टीतून दिला. मोठ्यांचं मुकाट ऐकणारं मूल हेच तर त्या सोंगाड्याला हवं असतं! आणि ज्या मुलीला ‘वाट सोडलीस म्हणून झालं’ असं शिकवलं आहे ती घरी येऊन काय सांगणार? ‘तू तिथं गेलीसच कशाला?’ हा प्रश्न तिला आधीच ऐकू येत असतो. ती गप्प बसते, आणि पाहणीतल्या त्या बहुतेक मुलांत आणखी एकाची भर पडते.

दोष बाईच्या पदरात टाकण्याची ही रीत काही युरोपातून आपल्याकडे आलेली नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं ते याच संतापातून. सुरतेच्या एका विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली, वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीला नावं ठेवली गेली, आणि तिला त्या अवस्थेत नेणारा पुरुष कुठं आहे हे कोणी विचारीना. ताराबाईंनी विचारलं. मुलांच्या गोष्टींतही तो प्रश्न विचारायची वेळ कधीच येऊन गेली आहे.

काही पालक म्हणतील, चार वर्षांच्या पोराला मांसाची आणि रक्ताची गोष्ट कशी सांगायची? तेवढा भाग वगळा. दोरा आणि झाड वगळू नका. दुसरे म्हणतील, त्या गोष्टीत मुलगी खोटं बोलते, हे मुलांना शिकवायचं का? हो, शिकवायचं. स्वतःचं शरीर वाचवण्यासाठी मोठ्या माणसाशी खोटं बोलायची, त्याचा हात झिडकारायची, पाहुण्यांपुढं आरडाओरडा करायची पूर्ण परवानगी मुलाला आहे, आणि ती आपण आपल्या तोंडानं, आधीच दिली पाहिजे. प्रसंग आल्यावर परवानगी मागायला वेळ नसतो. काका असोत, शिकवणीचे सर असोत, देवळातले बुवा असोत. ही परवानगी सगळ्यांच्या बाबतीत आहे, हेही नीट उच्चारून सांगायला हवं.

आणि गोष्ट संपल्यावर ‘काय शिकलीस?’ विचारू नका. विचारा, तिला पहिल्यांदा कधी वाटलं की ही आजी नाही? केस पाहून की आवाज ऐकून? तिच्या जागी तू असतास तर काय निमित्त सांगून बाहेर पडला असतास? पळत कोणाच्या घरी गेला असतास? या उत्तरांतून तुमच्याच मुलाचा भरवसा घरातल्या आणि शेजारपाजारच्या कोणावर आहे ते तुम्हाला कळेल, आणि कोणावर नाही तेही. ‘केवढे तुझे कान, केवढे तुझे डोळे’ हे बोल आपण हसण्यासाठी वापरतो. खरं तर ते एका मुलीचं अचूक निरीक्षण आहे. तिला काहीतरी चुकतंय हे दिसलं होतं. त्या दिसण्यावर विसंबून वागायचं असतं, एवढंच तिला कोणीतरी सांगायला हवं होतं.

ज्यांना परक्या गोष्टी नकोत त्यांच्यासाठी आपल्या आज्यांनी सोय करून ठेवली आहे. भोपळ्यात बसून घरी परतणारी म्हातारी प्रत्येक मराठी मुलाला माहीत असते. ती एकटी लेकीकडे निघते. वाटेत वाघ-कोल्हे अडवतात. लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट होऊन येते, मग खा, असं सांगून ती त्यांना थोपवते, आणि परतीच्या वाटेवर भोपळ्याच्या आतून त्यांना चकवते. एवढ्या वयात एकटी जंगलात कशाला गेलीस, असं तिला ना लेक विचारते, ना जावई, ना गोष्ट सांगणारी आजी. लेकीकडे जाणं हा तिचा हक्क आहे आणि जंगलातली वाट तिचीही आहे. आपल्या मातीत हे असताना आपण मुलींना कबुलीजबाब देणारी लाल टोपीवालीच का द्यावी?

मुलांच्या हुशारीवर सगळा भार टाकून मोठ्यांना मात्र मोकळं होता येणार नाही. प्रत्येक मुलाला दोरा सोडवता येत नाही. काहींचे पाय भीतीनं जागीच थिजतात, आणि त्यांचाही यात काही दोष नाही. म्हणून मला त्या धोबिणी पुन्हा पुन्हा आठवतात. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं आपल्यालाही काठावर उभं केलं आहे. कलम १९ नुसार मुलावर असा अत्याचार झाल्याचं, किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवलं पाहिजे. न कळवणं हा कलम २१ नुसार गुन्हा आहे. घराण्याची अब्रू, शाळेचं नाव, मुलीचं लग्न यांतलं कुठलंही कारण तिथं चालत नाही. शाळांच्या पालकसभांत गुणपत्रिका वाटून झाल्या की ही दोन कलमं मराठीत वाचून दाखवावीत आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक वर्गावर्गाच्या भिंतीवर, मुलांच्या उंचीला, मोठ्या अक्षरांत लावावा. सभेला बापांनीही यावं. नुसत्या आयांना बोलावून भागणार नाही.